वाजणारी पायरी

आमच्या पाखाडीला पायऱ्या किती, यावर आळीचं आजतागायत एकमत झालेलं नाही. आजी ९१ म्हणायची. शेजारचे अण्णा ८४ सांगतात, आणि कोणी शंका काढलीच तर ‘जा, मोजून ये’ म्हणून पिटाळतात. मी स्वतः चार-पाचदा मोजल्या. दर खेपेला आकडा निराळा. विहिरीपाशी जी रुंद जागा आहे ती पायरी धरायची की ओटा, हे ठरलेलं नाही. खालच्या तीन पायऱ्या रस्त्याच्या डांबराखाली गेल्या. त्यांतली एक वैशाखात डांबर वितळलं की डोकं वर काढते. आणि वरून सातवी वाजते. ती दोन आवाज करते म्हणून लोक ती दोनदा मोजतात, असा अण्णांचा सिद्धान्त.

रत्नागिरीच्या स्टँडवरून थेट मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन, भेळ खाऊन परतणाऱ्यांसाठी सांगतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. खाली खाडी नि समुद्र, मध्ये आळ्या आणि नारळी-पोफळीची आगरं, वर सडा, असं हे चढउतारांचं गाव. गाडीरस्ता वळसे घेत वर जातो. पाखाडी सरळ जाते. दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यांवर पावसाळ्यात नेचे, मध्येच कोणाचं तरी बेडं आणि त्यामागे भुंकणारं कुत्रं.

गेल्या माघात आळीच्या मंडळाची सभा काकूंच्या पडवीत भरली. काकू नात्याने आमच्यापैकी कोणाच्याच काकू नाहीत, पण सगळी आळी त्यांना काकू म्हणते. वय ८६. सेक्रेटरीने कागद वाचून दाखवला. पाखाडीचं काँक्रीट मंजूर झालं होतं. पायऱ्या जाऊन उतार होणार, दुचाकी थेट वरपर्यंत येणार. तरुण मंडळींनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. मी जरा तावातच विचारलं, ‘हे मागितलं कोणी?’

सेक्रेटरीने फायलीतून दुसरा कागद काढला. आमच्याच मंडळाचा अर्ज, १९९९ सालचा. खाली नऊ सह्या. तिसरी माझी.

काय बोलणार! १९९८च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला आणि पुढची दोन-तीन वर्षं आम्हांला जे ते सरळ, सपाट नि गुळगुळीत हवं होतं. घरावरचे नळे तर आधीच गेले होते, आता मंगलोरी कौलं उतरवून स्लॅब टाकायची टूम होती. मी अर्जाच्याच वर्षी पहिली स्कूटर घेतली होती आणि ती रोज खाली दुसऱ्याच्या अंगणात लावावी लागे. सही केली, विसरलो. अर्ज मात्र विसरला नाही. पंचवीस वर्षं कुठल्या कुठल्या टेबलांवरून फिरून तो ‘मंजूर’ होऊन परत आला.

आमच्या मंडळाला मंडळ म्हणणंही थोडं मोठेपणाचंच. सतरंज्या, दोन मोठी पातेली, एक शिडी, तिरडीचे बांबू आणि जमाखर्चाची वही एवढी त्याची मालमत्ता. मुख्य काम शिमग्याचं. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी हा बारा वाड्यांचा देव. फाल्गुनात त्याची पालखी निघते, झाडगावच्या सहाणेवर बसते आणि वाड्यावाड्यांतून फिरते. कुठल्या आळीतून कोणत्या वाटेने जायचं, कुठे थांबायचं, कोणाचा मान आधी, हे ठरलेलं असतं आणि त्यावरून दर दोन-चार वर्षांनी थोडी बाचाबाचीही ठरलेली असते. १८२२ साली इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून इथे हलवलं. १८७६मध्ये नगरपालिका झाली. वॉर्ड, हद्दी, सर्व्हे नंबर हे सगळं त्यानंतरचं. त्याआधी गावाचा नकाशा म्हणजे पालखीची वाट, आणि नागरिकांची संघटना म्हणाल तर त्या बारा वाड्या. आमच्या मंडळाला कार्यकारिणी, ठराव आणि शिक्का आहे एवढाच फरक.

सभेत एक इंजिनिअर झालेला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘ही पाखाडी आपला वारसा आहे.’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘वारसा असेल तर सातबारावर नाव लाव बघू.’ हशा पिकला. पण मला ते लागलं. पाखाडीचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

नाव असलेल्या वारशाला या गावात तोटा नाही. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. वडील गंगाधरपंत इथे शाळेत शिक्षक, म्हणून १८५६च्या जुलैत बाळ इथे जन्मला. दहाव्या वर्षी पुण्याला गेला तो गेलाच. घर राखलं गेलं, शाळांच्या सहली येतात. किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे, दीपगृह आहे. नगर वाचनालय १८२८चं. आणि थिबा राजा तर आहेच.

आजीच्या म्हणण्याप्रमाणे आमची पाखाडी थिबानेच बांधली. ‘राजाला फिरायला लागायचं, म्हणून,’ एवढंच कारण ती देई. कुठून कुठे फिरायला, ते विचारायचं नाही. तिने राजाला पाहिलंही होतं म्हणे. घोड्यांची बग्गी, डोक्याला रेशमी फडकं, आणि खिडकीतून पोरांकडे फेकलेले पैसे. त्यांतला एक तिला मिळाला होता. मी शाळेत असताना हिशोब केला. आजी १९१२ची. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५च्या अखेरीस मंडालेहून उचललं, १८८६मध्ये रत्नागिरीत आणलं, आधी बंगल्यांत ठेवलं, १९१०मध्ये भाट्याच्या खाडीवरच्या टेकाडावर राजवाडा बांधून दिला, आणि १९१६च्या डिसेंबरात तो इथेच वारला. म्हणजे त्या वेळी आजी चार वर्षांची. मी हे मोठ्या हुशारीने तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ‘मग? चार वर्षांच्या पोरीला डोळे नसतात?’

वाचनालयात बसून मी १८८०चं जिल्हा ग्याझेटियर चाळलं. बंदर, तुरुंग, किल्ला, दीपगृह सगळं सापडलं, आमची पाखाडी काही सापडली नाही. तरी अण्णांच्या मते ती थिबाच्या कितीतरी आधीची, कुण्या भाटिया व्यापाऱ्याने नवस फेडायला बांधलेली. काकूंच्या सासऱ्यांच्या मते दुष्काळात लोकांना काम द्यायला सरकारने बांधली. तीन म्हाताऱ्या माणसांच्या तीन गोष्टी, आणि प्रत्येकीत पाखाडी कोणा ना कोणा मोठ्या माणसाची. ज्यांनी चिरे डोक्यावरून वाहिले त्यांची गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती.

थिबाचं एक मात्र मनातून जात नाही. १८५८मध्ये इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला नेऊन टाकला आणि पुढे रंगूनकडचा राजा आमच्याकडे आणून ठेवला. जणू दोन घरांनी एकमेकांकडची भांडी अदलाबदल करावीत. १९१९मध्ये राणी सुपयालत मायदेशी परतली. राजा समाधीत राहिला. २०१२मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे येऊन उभे राहिले, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला गर्दी केली होती. पण राजाच्या थोरल्या मुलीची लेक, टुटू, याच गावात मराठी बोलत, गरिबीत म्हातारी झाली. राजवाड्याला पहारा होता. तिला आमच्यातल्या कितीजणांनी बाजारात पाहिलं असेल. ओळख सांगितल्यावर लोक वळून बघत आणि पुन्हा भाव करू लागत.

हे सगळं सभेत बोललो असतो तर मला खाली बसवलं असतं. मी सातव्या पायरीबद्दल बोललो.

ती पायरी मुळातच नीट बसलेली नाही. उजव्या कोपऱ्यावर पाय पडला की चिरा डुलतो, ‘खट्’ वाजतो, आणि पाय उचलला की पुन्हा ‘खट्’. आमचं घर तिच्या लगेच वर. आजीला ओटीवर बसून आवाजावरून माणूस कळे. पोस्टमनचा हलका आणि घाईचा. मच्छीवालीचा जड, कारण डोक्यावर टोपली. मुंबईहून आगबोटीने येणारा चाकरमानी सगळ्यांत जड, ट्रंकेसकट. तो येण्याआधी ट्रंकेचा कोपरा गडग्याला घासल्याचा आवाज येई. आगबोट लांब उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, बंदरावर यायचं आणि मग ही चढण. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिने तो जड आवाज बंद. आजी सांगायची, तिच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने नवऱ्याला असं आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

आणि धाकट्या आजोबांची गोष्ट. सावरकर १९२४पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही, या अटी. त्यांनी इथे जातिभेदाला हात घातला. भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, तिथे सगळ्या जातींना प्रवेश. त्याच सुमारास सहभोजनं सुरू झाली. आमचे पणजोबा कर्मठ. घरात फर्मान सुटलं की तिकडे कोणी फिरकायचं नाही. धाकटे आजोबा तेव्हा विशीत. एका रात्री ते गेले, महार-चांभारांच्या पंक्तीला बसून जेवले आणि अकराच्या सुमारास अनवाणी, चोरपावलांनी पाखाडी चढू लागले. खालच्या सगळ्या पायऱ्या निभावल्या, सातवी विसरले. खट्.

ओटीवरून पणजोबांचा आवाज आला, ‘काय जेवलास?’

पुढे काय झालं ते आजी दोन तऱ्हांनी सांगे. एका तऱ्हेत धाकट्या आजोबांना पंधरा दिवस ओटीवर वेगळं पान वाढलं. दुसरीत पणजोबा नुसतेच आत निघून गेले आणि महिनाभर बोलले नाहीत. आजी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, नवी सून, दाराआड उभी. मला वाटतं दोन्ही खरं असावं, आधी एक आणि मग दुसरं. एवढं मात्र दोन्ही तऱ्हांत सारखं, की नंतरही ते जातच राहिले आणि सातवी पायरी ओलांडून उडी मारायला शिकले. म्हातारपणी काठी घेऊन चढतानाही ती पायरी ते टाळत. सवयीने.

मी एवढं सांगून थांबलो. पडवीत शांतता. मला वाटलं, जिंकली सभा.

काकू म्हणाल्या, ‘गोष्ट छानच आहे रे. पण मला दवाखान्यात न्यायची झाली की चार पोरं मला खुर्चीत घालून उतरवतात. मागच्या आषाढात एकाचा पाय सरकला. तुमचा तो वारसा काय तो, माझ्या गुडघ्यांवर उभा आहे.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. गाव जुनं राहावं अशी हौस बहुधा ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना असते. किंवा जे मुंबईत राहून चतुर्थीला येतात त्यांना. बारसूच्या वेळीही मला हेच वाटत होतं. राजापूर तालुक्यातल्या त्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. म्हाताऱ्यांच्या तोंडी ती पांडवांची, एका रात्रीत कोरलेली. निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी गावोगावच्या गुराख्यांना विचारत, सडे तुडवत अशी शिल्पं शोधून काढली. २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. उक्षीचा हत्ती त्यात आहे, जो गावानेच पुढाकार घेऊन राखला. बारसूही त्यात आहे. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी त्याच बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, बायामाणसं उन्हात कातळावर येऊन पडली. त्या वेळी नोकरी हवी म्हणणाराही गावातलाच होता आणि सडा नको सोडायला म्हणणारीही गावातलीच. दोघांपैकी कोणालाही वेड्यात काढणं मला जमलेलं नाही. आमची पाखाडी त्यापुढे किरकोळ. भांडण मात्र त्याच जातकुळीचं.

सभा माझ्या गोष्टीने फिरली नाहीच. फिरली ती पाण्याने आणि पालखीने.

पाण्याचं अण्णांनी काढलं. पलीकडच्या आळीची पाखाडी काही वर्षांपूर्वी सिमेंटची झाली. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभा सच्छिद्र, चिऱ्यांच्या सांध्यांत माती. पाणी पायरीपायरीला अडतं, थोडं मुरतं, उरलेलं कडेच्या पन्हळीतून पऱ्याला जातं. सिमेंटच्या उतारावरून ते एका दमात खाली आलं आणि पहिल्याच जुलैत सगळ्यांत खालच्या घराच्या माजघरात घोटाभर पाणी. वरच्या विहिरीचं पाणी मात्र होळीलाच तळाला गेलं. आमची विहीर अजून मेअखेरपर्यंत टिकते. नळ आल्यापासून तिच्यावर कोणी जात नाही, रहाटही मोडून पडला, पण दर वैशाखात आम्ही ती उपसतो. दोन वर्षांमागे नळाला आठवडाभर पाणी नव्हतं तेव्हा पोहरे शोधायला आळीभर धावपळ झाली होती. ज्या पोरांना टाळ्या वाजवायच्या होत्या त्यांतल्या दोघांची घरं खालच्या अंगाला. ती गप्प झाली.

पालखीचं बोलला तो कोपऱ्यात बसलेला, दरवर्षी पहिला खांदा देणारा. सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. म्हणाला, ‘पालखी नाचवीत चढवायची तर पाय ठरायला हवा. उतारावर पाय ठरत नाय. पायरीवर ठरतो. विहिरीपाशी खांदा बदलतो, तिथं सपाट हवं. उतार केलात तर देव गाडीरस्त्याने न्यावा लागेल.’

देव गाडीरस्त्याने न्यायचा म्हणजे मधली अकरा घरं चुकणार. त्यांतलं एक सेक्रेटरीचं.

रात्री साडेदहाला ठराव झाला. पायऱ्या राहतील. तुटलेल्या बदलायच्या, डुलणाऱ्या बसवायच्या, मधोमध काकूंसाठी दणकट कठडा, चार ठिकाणी दिवे, पन्हळ साफ. दुचाकीवाल्यांसाठी खाली अण्णांच्या पडक्या गोठ्याची जागा. अण्णांनी ती भाड्याने देऊ केली, फुकट नव्हे. मंजूर काम बदलून घ्यायला सेक्रेटरीला किती चकरा माराव्या लागल्या ते तो अजून मोजतो, आणि आमच्या पायऱ्यांसारखाच त्याचाही आकडा दर खेपेला वेगळा असतो.

काम शिमग्यानंतर सुरू झालं. गवंडी विजापूरकडचा, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरणारा. नवे चिरे ट्रकने खाली आले. खाणीत यंत्राने कापलेले, कडा सुरीने कापल्यासारख्या, रंग ओल्या गुलालासारखा. ताजा जांभा मऊ असतो, नखाने टवका निघतो. वारा-ऊन लागून तो घट्ट होत जातो. मी रोज चहा घेऊन जात होतो, म्हणजे देखरेखीला. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर निम्मे नवे चिरे तसेच पडून होते.

गवंड्याने जुनी पायरी पहारेने उचकटली होती. वरून तिला मधोमध खळगा पडलेला, परातीसारखा. पावसाळ्यात तिथेच पाणी साचायचं आणि शेवाळ धरायचं. त्याने ती मदतनिसाच्या हातून उलटी केली. खालची बाजू सपाट, कोरडी, आणि तिच्यावर टाकीचे तिरपे घाव ओळीने, कालच मारल्यासारखे. घाव सरळ येत येत एका कोपऱ्यात एकदम वाकडे झालेले. हात भरून आला असेल, नाहीतर कोणी हाक मारली असेल.

‘नवा कशाला?’ गवंडी म्हणाला. ‘हा इकडून वापरलाच नाही.’

त्याने ३४ पायऱ्या अशा उलट्या घातल्या. उरलेले नवे चिरे विहिरीच्या कट्ट्याला लागले. पायऱ्या एकंदर किती झाल्या, ते मी त्याला विचारलं. त्याने बिलाचा कागद दाखवला. बिल पायऱ्यांवर नव्हतं, फुटांवर होतं.

सातवीही बसवली त्याने. खाली दगडाची कपची ठोकून, सांधा भरून. नाचलं तरी हलू नये अशी. कठडाही झाला, आणि काकू कितीतरी महिन्यांनी आपल्या पायांनी विहिरीपर्यंत उतरून आल्या. मी खूश होतो. मंडळाच्या वहीत ‘काम पूर्ण’ असं लिहिलं.

चार दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. रात्री झोप लागत नाही म्हणाल्या. मला वाटलं नव्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो. तसं नव्हतं. ‘कोण आलं-गेलं कळत नाही रे. तो दूधवाला एकदम दारातच उभा. दचकायला होतं.’ मुलगा बंगळुरूला, घरात एकट्या. साठ वर्षं त्या पायरीने त्यांना आधी सांगितलं होतं.

गवंडी तोवर वरच्या गल्लीत दुसऱ्या कामाला लागला होता. मी त्याला गाठून म्हटलं, ती एक पायरी पुन्हा सैल करून दे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मी शुद्धीवर आहे का ते. मग संध्याकाळी येऊन सांध्यातला माल खरवडला, पहार घातली, कपची काढून माझ्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. जाताना मुद्दाम उजव्या कोपऱ्यावर पाय देऊन गेला.

खट्.

आतून काकूंनी विचारलं, ‘कोण?’